ताईनं केलेला फोन

खुणामावशीनं उभं आयुष्य कापडगिरणीत काढलं. मागांच्या खडखडाटात बायका हातवाऱ्यांनी बोलत, आणि तिच्या खुणा सगळ्यांत झकास, म्हणून ते नाव पडलं. गिरणीतलं काम सुटलं तोवर कानही गेले होते. समोरच्याचे ओठ वाचून ती निभावून न्यायची. फोनवर मात्र ओठ कुठले दिसायला? लांबच्या गावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीशी बोलणं त्यामुळे तुटत गेलं. आई गेल्यापासून तर दोघींत अढीच होती.

मग भाचीचा निरोप आला, ताईनं अंथरूण धरलंय. मुलानं मावशीला कानाची नवी यंत्रं आणली. ती मोबाइलला जोडली की फोनवरचा आवाज थेट कानात येणार होता.

सुनेनं ब्लूटूथ चालू केलं. यादीत शेजाऱ्यांचा टीव्ही आला, कुणाचा तरी स्पीकर आला, यंत्रांचं नाव काही येईना.

"राहू दे गं," मावशी म्हणाली. "या कानांना आता कोण विचारतंय!"

सुनेनं यंत्रांच्या दुकानात फोन करून विचारलं. "आमच्या फोनला जोडून पाहिली होती, अजून त्यालाच धरून असतील," दुकानदार म्हणाला. "तिथून काढतो. तुम्ही बॅटरीचं झाकण उघडून परत लावा आणि लगेच शोधा."

तुटलेले धागे सांधण्यात मुरलेल्या बोटांनी मावशीनं ती इवलीशी झाकणं उघडली, लावली. नाव आलं. सुनेनं 'जोडा' दाबलं. कानात बारीक सूर वाजला आणि मावशी दचकली.

भाचीनं फोन ताईच्या तोंडाशी धरला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"येतंय का गं ऐकू?"

"ताई, अगदी आईसारखा आवाज झालाय तुझा."

"मग? तू काय तरणी राहिलीस?"

रोज दुपारी बोलणं होऊ लागलं. एके दिवशी मावशीनं मनातलं काढलं. "आई जायच्या आधी मला कळवलं का नाहीस? मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं."

"केला होता ना फोन. आई तुझं नाव घेतेय, आजच निघ, म्हणाले. तू म्हणालीस, हो हो, बरंय."

तेव्हा फोनवर मावशीला नुसती गुणगुण ऐकू यायची, आणि ती सगळ्यालाच "हो हो" म्हणायची.

"ऐकू येत नाही म्हणून सांगायचंस तरी!"

"लाज वाटायची गं."

"आणि मी वेडी, दगड आहेस म्हणून तुला बोल लावत बसले." ताईला धाप लागली. "आता तरी ये."

मावशीचे गुडघे प्रवासाला राजी नव्हते. तरी दुसऱ्याच दिवशी, मुलाच्या खांद्याचा आधार घेत, ती निघाली. ताई गेली तेव्हा मावशी तिच्या उशाशी होती.