पाठ, पाय आणि सिक रिपोर्ट

माझं पहिलं पोस्टिंग पहाडात, मॉर्टर प्लॅटूनमध्ये. पाचला पीटी, सातला नाश्ता, आठला चढण. मॉर्टरची, म्हणजे उखळी तोफेची, जड बेस प्लेट माझ्या पाठीवर. पाठ धरली तरी सिक रिपोर्टला कुणी जात नसे. मेडिकल कॅटेगरी खाली आली की प्रमोशन अडे. डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "ठीक हूँ, साहब." फौजेने मला पगार दिला, बाहेरून बी.ए. करू दिलं. घरातला पहिला पदवीधर मी. तक्रार करणं शोभत नसे.

निवृत्त होऊन हडपसरला आलो. एका सोसायटीत सुरक्षा सुपरवायझर झालो, दिवसभर उभं राहायचं काम. उजव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, तीन महिने रोज व्यायाम. मित्र म्हणाला, "कर्वेनगरला कायरोप्रॅक्टर आहे. एकदा पाठीचे मणके कडकड वाजवले की मोकळा." मी थकलो होतो. मला लवकर सुटायचं होतं.

शनिवारी सकाळी दहाला टेबलावर पालथा झालो.

"पाय बधिर होतो? जोर कमी झालाय?" कायरोप्रॅक्टरने विचारलं.

"नाही. फिट आहे."

त्यांनी कमरेवर हात ठेवले. तेवढ्यात सोबत आलेली बायको खुर्चीतून म्हणाली, "फिट? काल जिन्यात चप्पल पायातून निसटली, यांना पत्ता नाही. मागून मी घेऊन आले."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मग तुम्ही बोला ना, अहो!"

त्यांनी मला उठवून बसवलं, पाऊल वर उचलायला सांगितलं. पाऊल उचललं गेलं नाही.

"मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "वहिनी बोलल्या नसत्या आणि मी कंबर दाबली असती, तर पाय कायमचा जाऊ शकला असता. आधी एमआरआय करा, सर्जनला दाखवा."

नस दबली होती. सर्जननी ऑपरेशन तूर्त टाळून फिजिओथेरपी सांगितली. त्याच मॅडमकडे परत गेलो. नवव्या आठवड्यात अंगठा जरासा हलला.

"काका, एवढे दिवस लपवलंत कशाला?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना माझ्या प्लॅटूनमधल्या नाईक दत्तूबद्दल सांगितलं. आम्ही एकाच तंबूत राहायचो. त्याचाही पाय बधिर व्हायचा. हे फक्त मला माहीत होतं. गस्तीवर निघायच्या सकाळी तपासणीत तो काही बोलला नाही. शेजारी उभा असून मीही बोललो नाही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर निरोप आला, "एक जवान नाले में गिरा है. ओव्हर." त्याला वर आणायला चार तास लागले. तोवर तो गेला होता.

त्याच्या आईला पत्र मी लिहिलं. बर्फावरून घसरला, एवढंच लिहिलं.