तांबट आणि सॅटिनचं जाकीट

आमच्या जिन्याला सोळा पायऱ्या. बायको वरून चौथीवर घसरली, पायाचं हाड मोडलं, जुळलंही. डॉक्टर म्हणाले, आता खाली-वर करा. पण ही बया जिन्याच्या तोंडाशी गेली की हातपाय गाळायची आणि परत येऊन खिडकीशी बसायची. चार महिने आमच्या सरस्वतीपुरमचा रस्ता तिने फक्त वरून पाहिला. मी समजावलं, रागावलो, अबोला धरून पाहिला. काही उपयोग नाही. ही आता कायमची वरच राहणार की काय, या धास्तीने माझी झोप उडाली होती.

खिडकीत तिला एक आवाज यायचा. टुक, टुक, टुक. ऊन चढलं की थांबायचं नावच नाही. शेजारच्या शेवग्यावर तांबट पक्षी आलाय, एवढं मला ठाऊक होतं. पण खिडकीवर सिमेंटचा छज्जा, त्यामुळे तिला तो दिसत नव्हता. एकदा म्हणाली, रोज डोकं खातो, दिसतो तरी कसा ते बघायचंय. चार महिन्यांत तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मुलीने टाकून दिलेला छोटा कॅमेरा मी त्याच दिवशी शोधून काढला.

फोटो काढायचा म्हणजे बटण दाबायचं, अशी माझी समजूत. पहिल्या दिवशी पानं सुरेख आली, पक्षी म्हणजे हिरवा डाग. दुसऱ्या दिवशी नुसती फांदी. हात थरथरायचे ते वेगळंच. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेला माणूस मी, अजून सुईत दोरा एका झटक्यात ओवतो, आणि चिमणीएवढ्या पाखराने माझी शोभा करावी! शेवटी धंद्यातली अक्कल चालवली. कातरणं भरून एक उशी शिवली, ती कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली आणि तिच्यात कॅमेरा रुतवला. थरथर थांबली. मग वाटलं, आपणही झाडासारखं हिरवं दिसावं. अस्तराचं हिरवं सॅटिन उरलं होतं, त्याचं जाकीट शिवलं आणि ऐटीत खाली जाऊन उभा राहिलो. तांबट जवळ फिरकेना.

तीन दिवस मी तसाच उन्हात. चौथ्या दिवशी खिडकीतून आवाज आला.

"अय्यो, नवरदेवासारखे चमकताय. ते उलटं घाला."

सॅटिनची आतली बाजू चमकत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पण जन्मभर माझ्या शेजारी बसून हुक आणि काजं करणारीला ते वरून दिसलं, आणि मला अंगावर घालून कळलं नाही. लाज वाटली खरी. रस्त्यातच जाकीट काढून उलटं घातलं, शिवणी बाहेर. समोरचे पेन्शनर मास्तर बघत होते. सुम्मने, म्हणजे उगीचच, बसलेले असतात, तेवढीच त्यांची करमणूक.

अर्ध्या तासात तांबट आला. छज्ज्याच्या वरच शेवग्याची एक वाळकी फांदी होती, तिच्या खालच्या अंगाला गोल भोक. त्यातून त्याने तोंड बाहेर काढलं. कपाळ लाल, गळा पिवळा. मी श्वास रोखून बटण दाबलं आणि धापा टाकत वर गेलो.

तिने ते एवढंसं चित्र कितीतरी वेळ पाहिलं. वर भोकात तांबट, मध्ये छज्जा, खाली खिडकीत ती स्वतः.

"हा माझ्या डोक्यावरच राहतो?"

मी म्हटलं, हो, पण भोक खालच्या बाजूला आहे, ते खालूनच दिसतं. पुढे पुष्कळ बोलावंसं वाटत होतं. पण मी फक्त कॅमेरा तिच्यापुढे धरून ठेवला.

तिने पदर खोचला, काठी घेतली आणि जिन्यापाशी जाऊन थांबली.

"कॅमेरा ठेवा तो. मला दोन्ही हात द्या."

कॅमेरा शिलाई मशीनवर ठेवला. चौथ्या पायरीवर तिची नखं माझ्या मनगटात रुतली, तरी ती थांबली नाही. सोळाच्या सोळा उतरलो. तांबट भोकातच होता. ती मान वर करून माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. मग तिचा हात माझ्या जाकिटाच्या शिवणीवरून फिरला. म्हणाली, खांद्याची शिवण वाकडी गेलीय, उसवून परत घाला.

मी म्हटलं, सरी, बरं, घालतो. डोळे असे भरून आले होते की शिवण मला दिसतच नव्हती.