फडक्यात बांधलेली घुंगरमाळ

आज संध्याकाळी चिखलीला ध्वनिस्नान आहे. डोळे मिटून पडायचं आणि घंटांचे नाद ऐकायचे. ते घेणाऱ्या ताईंनी घरातली एक वाजणारी वस्तू आणायला सांगितली होती.

मी बाबांच्या बैलांची घुंगरमाळ खुंटीवरून काढली. बाबा गेल्यापासून आईने ती फडक्यात घट्ट बांधून ठेवली आहे, वाऱ्यानेही वाजू नये म्हणून.

"काऊन काढून राह्यला रे तिले?"

"तिथं वाजवाची हाये, आई."

मग आईनेच गाठ सोडली आणि माळ जोरात हलवली.

"अशी वाजव. तुहा बाप वावरातून आला का असाच आवाज येये. मलेबी घेऊन चाल."

आता दोघंही निघतो आहोत. तो आवाज पुन्हा ऐकणं आम्हाला जमेल.

तुमच्या घरात कोणता आवाज बांधून ठेवला आहे?