कानातलं मशीन

थिनरचा वास आला की केज गावातलं, थिनरनं फोन पुसणारं ते मोबाईल दुरुस्तीचं दुकान आठवतं. वडिलांचं कानातलं मशीन फोनमधल्या ॲपवरच चालायचं, आणि कंपनीनं ते ॲपच बंद केलं. "मशीन धडधाकट हाय चाचा, कुलूप फोनला हाय," म्हणत दुकानदारानं बाहेरच्या ॲपवरची बंदी उठवली आणि जुनं ॲप कुठूनतरी मिळवून टाकलं. कानात मशीन चालू झालं नि वडील दचकलेच. "तुमचा पंखा लई कुरकुरतो की!" आठवड्याभरात फोननं अपडेट घेतलं नि ॲप परस्पर काढून टाकलं, पुन्हा टाकूही देईना. 'तुमच्या सुरक्षिततेसाठी,' असं स्क्रीनवर होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वडील म्हणाले, "काय म्हनलास?" ते धडधाकट मशीन आज कपाटात पडलंय, आणि त्यांच्या सुरक्षिततेसाठी मी घरात ओरडून बोलतो.