भाऱ्यात घुसलेला चेंडू

गोल्फचा चेंडू माझ्या डोक्यावरच्या गवताच्या भाऱ्यात घुसला. चार बोटं खाली आला असता तर कानशिलात बसला असता. साहेबाच्या काठ्या उचलणारा माणूस धावत आला, मागून साहेबही आला, आणि तो माणूस माझ्या पायांकडे बघत राहिला. असे बघणारे मी पुष्कळ पाहिले होते. मी विळा घट्ट धरला.

"बाई, चार पावलं चालून दाखव वं."

"काहून?"

"मारताना साहेबाचं वजन मागच्याच पायावर राहते, म्हणून चेंडू वाकडा जाते. साहेब, पाहा, बाई पुढच्या पायावर भार टाकते, मंगच मागचा उचलते."

मी चालले. साहेबानं तसं मारलं आणि चेंडू सरळ गेला.

तरी पुढची नऊ वर्षं तिथं गवत कापताना तो साहेब चेंडू मारायला उभा राहिला की मी त्याच्याकडे पाठ केली नाही. मी जिवंत आहे.