भुंडे हात

नांदेडच्या वेशीवरच्या त्या वृद्धाश्रमात सिंधुच्या नावाने हाक ऐकू आली नाही असा वेळ जात नसे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना पुसून काढायचं, कूस बदलायची, लघवीच्या पिशव्या रिकाम्या करायच्या आणि वर त्यांच्या सुनांबद्दलच्या कागाळ्याही ऐकून घ्यायच्या, असं तिचं काम. उमरीकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती शहरात आली. नवरा बजरंग ट्रकवर ड्रायव्हर. हळदीची पोती भरून तो हैदराबादकडे निघाला की परत दारात दिसेपर्यंत हिचा जीव टांगणीला. फोन लागला नाही की भाजीत मीठ दोनदा पडायचं.

आश्रमात तिचा सगळ्यांत जास्त लळा अहमदपूरच्या रुद्राणीआजीला. खुबा मोडल्यापासून आजी पलंगावरच. डोळ्यांना जवळपास काही दिसत नाही, जीभ मात्र शाबूत. "सिंधे, पाणी लई गार हाय, मला मारून राहिलीस का?" असं भांडल्याशिवाय तिचं अंग पुसून होत नसे. सिंधुही उलट उत्तर द्यायची, आणि दोघींचा दिवस बरा जायचा.

दिवाळीनंतर आश्रमात एकेक जण तापाने पडायला लागलं. नेहमीच्या गोळ्या झाल्या, भारी गोळ्या झाल्या, ताप काही हटेना. चंद्रप्पाआजोबांना मोठ्या दवाखान्यात हलवलं, ते परत आलेच नाहीत. मग डॉक्टर मालविका तपासणीचे रिपोर्ट घेऊन आल्या आणि त्यांनी कामाच्या सगळ्या बायांना गोळा केलं.

"लघवीत सापडलेले हे जंतू औषधांना जुमानत नाहीत," त्या म्हणाल्या. "उठसूट गोळ्या देऊन आपणच त्यांना निर्ढावून ठेवलंय. आता एकच इंजेक्शन लागू पडतंय, तेही कधीपर्यंत पडेल सांगता येत नाही. आणि ते एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर जातात ते आपल्या हातांनी. कोपरापर्यंत हात धुवायचे. अंगठी नको, घड्याळ नको, बांगड्या नकोत."

बाकीच्या बायांनी कुरकुर करत का होईना, उतरवल्या. सिंधुच्या बांगड्या हिरव्या काचेच्या, कासाराने हात दाबून दाबून भरलेल्या. त्या उतरत नाहीत, वाढवाव्याच, म्हणजे फोडाव्याच लागतात. तेही नव्या भरताना, जुनी एखादी हातात ठेवून. सवाष्णीचा हात क्षणभरसुद्धा भुंडा राहू द्यायचा नाही. वडील गेले तेव्हा बायांनी आईचे हात दगडावर आपटून बांगड्या फोडल्या होत्या. सिंधु चुलीपाशी उभी राहून बघत होती. आईच्या मनगटातून रक्त आलं, ते कुणी पुसलंही नाही. त्यामुळे बजरंग रस्त्यावर असताना आपल्या हाताने काच फोडायची, ही कल्पनाच तिला सहन होईना.

मालविका मॅडम हात धुवून तिच्या मागे लागल्या, तशी हिनेही तोड काढली. बांगड्या वर सरकवायच्या, रबराने आवळायच्या आणि वरून लांब बाह्यांचा ॲप्रन घालायचा. कुणाला कळलं नाही. जंतूंना मात्र असल्या युक्त्यांनी फसवता येत नाही.

आठवडाभरात रुद्राणीआजीला थंडी वाजून ताप भरला. रिपोर्ट तोच. मोरीत जाऊन सिंधुने बाही वर केली. बांगड्यांच्या फटीत पिवळसर मळ साठला होता, हात धुताना तिथे पाणी पोचलंच नव्हतं. कुणाला कळलंच नव्हतं, म्हणून कुणी बोल लावला नाही. त्यानेच तिला जास्त भीती वाटली.

तिने बजरंगला फोन लावून बांगड्यांचं सगळं सांगितलं. तो देगलूरच्या पुढे गेला होता.

"मग फोड की," तो हसला. "मी काय तुझ्या बांगडीवर गाडी चालवून राहिलो का?"

"असं बोलू नगा रस्त्यावर!" ती ओरडली. मग फोन ठेवून, मनगटाला टॉवेल गुंडाळून, तिने डोळे मिटले आणि बांगड्या मोरीच्या कट्ट्यावर वाढवल्या. दुपारी दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही.

ती आजीचं अंग पुसायला गेली. तापाने फणफणलेला आजीचा हात तिच्या मनगटाला लागला, थांबला, कोपरापर्यंत चाचपत गेला. आणि आजीने टाहो फोडला.

"अगं बाई! बजरंगाचं काय झालं गं? मला कुणी सांगितलं का न्हाई?"

जे सिंधु मनातसुद्धा येऊ देत नव्हती, ते आजी बोलून गेली. सिंधुला रडू कोसळलं. "काही न्हाई झालं, आजी. हैदराबादला गेलेत. बांगडीत जंतू बसतात म्हणून वाढवल्या. तुमच्यासाठी."

आजीने आपले दोन्ही हात पांघरुणात ओढून घेतले. "माझ्यापायी? मला काय करायचंय आता जगून? जा, आधी कासार गाठ. तिशीपासून हे भुंडे हात घेऊन बसलेय मी. मला ठावं हाय ते काय असतंय. तू मला शिवू नको."

सिंधुने दंडाला डोळे पुसले. नळावर जाऊन पुन्हा कोपरापर्यंत हात धुतले आणि परत येऊन उभी राहिली. म्हणाली, "नवरा माझा रस्त्यावर हाय, आजी. त्यांना मी इथून धरू शकत न्हाई. तुम्हाला धरू शकते. हात काढा भायेर."

शेवटी पांघरुणातून आजीचा एक हात बाहेर आला. सिंधु तो हळूहळू पुसू लागली. दोघींचीही मनगटं उघडी होती, आणि बजरंगचा फोन अजून आला नव्हता.