लांडग्याच्या डोळ्याजवळचा पांढरा डाग

आमच्या घोडेगावात माझ्या कामाला ‘सोंगं शिवणं’ म्हणतात. म्हणणाऱ्यांत असेही लोक आहेत ज्यांना स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावता येत नाही. मी फरसूट शिवते. फरसूट म्हणजे माणसाने अंगभर घालायचा प्राण्याचा वेश, डोक्यापासून शेपटीपर्यंत. पुण्या-बंगळुरातली काही तरुण मंडळी स्वतःसाठी एक प्राणी मनाशी ठरवतात, त्याला नाव देतात, रंग देतात आणि तो होऊन एकमेकांना भेटतात. हे मी गावात एकदाच समजावून सांगायचा प्रयत्न केला. ऐकणारी बाई म्हणाली, “कामधंदा न्हाई का त्यान्ला?” मला तिचा राग आला. खरं तर तेव्हा माझंही मत तेच होतं.

सुरुवात झाली ती सोनईला. एका मोबाईलच्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि दारात एक टेडी नाचत होता. त्याची मान शिवणीत उसवलेली होती आणि त्या फटीतून आतल्या माणसाच्या गळ्यातला काळा दोरा दिसत होता. एक डोळा कपाळात गेलेला, दुसरा गालावर आलेला. पोटावरचे केस वर उभे, पाठीवरचे आडवे. लोक हसत हसत त्याच्यासोबत फोटो काढत होते. मी तेव्हा ब्लाउज शिवायचे आणि पोळा जवळ आला की बैलांच्या पाठीवर टाकायच्या झुली शिवायचे. बैल काही तक्रार करत नाही, तरी इतकी गचाळ झूल मी कधी कोणाला दिली नव्हती. ज्याने कोणी तो टेडी शिवला असेल त्याला मी मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि घरी येईपर्यंत ठरवून टाकलं की याहून बरं मी करीन.

शिकले ती मोबाईलवर, दुपारची, घरातले झोपले की. व्हिडिओतल्या बायांकडे फोम कापायला वेगळं यंत्र, फर विंचरायला वेगळे ब्रश, आणि बोलताना इतका उत्साह की मला कंटाळा यायचा. माझ्याकडे सोफेवाल्याकडून आणलेले फोमचे तुकडे, कांदा चिरायची सुरी आणि एक ग्लू गन होती, तिने दोन बोटं भाजून घेतली. फर कात्रीने कापायची नसते. ती पालथी घालून मागचं कापड तेवढं ब्लेडने चिरायचं, म्हणजे केस शाबूत राहतात. हे सांगितलं तिथवर मी व्हिडिओ बघितलाच नव्हता, मला काय येत नाही असं वाटून कात्री चालवली. पुढचे आठ दिवस घरात आमटीत केस निघाले.

पहिला वाघ झाला. मी तो ओसरीवर ठेवला आणि आता कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून आत चहा उकळत थांबले. बोलले ते माझे सासरे.

“केस उलटं हाय,” ते म्हणाले. “जनावराचं केस नाकाकडनं शेपटीकडं पडत्यात. ह्यो वाघ मागं मागं चालतो का काय?”

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

मामांबद्दल, म्हणजे माझ्या या सासऱ्यांबद्दल, सांगायला हवं. घोडेगावचा जनावरांचा बाजार मोठा, आणि मामा त्यात दलाल. जनावर विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून आयुष्य काढलेला माणूस. दात बघून वय सांगणार, शेपूट उचलून तब्येत सांगणार. अंगावरचे केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. तो कुठे असला की बरा आणि कुठे असला की घरबुडवा, हे त्यांना तोंडपाठ. दोषाला ते खोड म्हणतात. खोड शोधणं ही त्यांची अर्धी कमाई आणि खोड लपवणं ही उरलेली अर्धी. म्हैस बाजारात नेण्याआधी भादरायची, तेल चोपडून चमकवायची, कुठे पांढरा ठिपका असला तर काळं लावायचं. हे बघून बघून मला त्या माणसाची किळस आली होती.

आणि मीही त्याच हाताखालून गेले होते. मला बघायला आले तेव्हा मामांनी मला माहेरच्या अंगणात तुळशीपर्यंत आणि परत असं दोनदा चालवलं. माझा उजवा पाय लहानपणापासून थोडा ओढतो. आईने आदल्या दिवशी माझ्याकडून हळू चालायचा सराव करून घेतला होता, आणि साडी अशी नेसवली होती की पाऊल दिसू नये. मी पसंत पडले. लग्नाला महिना झाला नाही तोच त्यांनी ओळखलं. जेवताना, सगळ्यांसमोर, माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाजारात मला कुनी फसवलं न्हाई. सोयऱ्यानं फसवलं.” त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पण इथल्या अंगणातून जाताना त्यांची नजर माझ्या पायावर असायची, आणि मी पावलं मोजून टाकायचे. नऊ वर्षं टाकली.

गोठ्याशेजारची खोली मी कामाला घेतली तेव्हा मामांनी ती सरकी पेंडीच्या पोत्यांसाठी राखली होती. खोली कोरडी, पत्रा न गळणारा. ते म्हणाले, “पोळ्यापतुर बघ. जमलं तर जमलं, न्हाई तर रिकामी कर.” बाकी घरात फोम पसरायला हातभर जागा नव्हती. खोली गेली की काम गेलं, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. तोवर माझ्या हातून एका दूध डेअरीच्या जाहिरातीची गाय आणि एका शाळेचा सिंह एवढंच झालं होतं. एवढ्यावर खोली राखणं कठीण होतं.

मग आषाढात पुण्याहून एका मुलीचा मेसेज आला. तिला लांडगा हवा होता. आमच्या माळावर मेंढपाळ लांडग्याच्या नावाने बोटं मोडतात आणि हिला लांडगा व्हायचंय, म्हणून मी नाक मुरडलं. पण तिने लिहिलं होतं की तिच्या ओळखीत असे वेश हवे असलेले बरेच जण आहेत, आणि परदेशातून मागवण्यापेक्षा इथेच कोणी नीट शिवून देईल याची सगळे वाट बघताहेत. मी ताबडतोब हो म्हटलं. हा लांडगा जमला तर खोली माझी, इतका साधा हिशोब होता.

मापासाठी अंगावर जुने कपडे घालून वरून चिकटपट्टी गुंडाळायची आणि मग ती पाठीवर कापून साचा काढायचा, अशी पद्धत असते. तिचा साचा कुरिअरने आला. मुंडकं नसलेलं चंदेरी धड बघून सासूबाई किंचाळल्या. मामांनी मात्र सवयीप्रमाणे त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “हाडानं बारीक हाय.”

सोबत तिने काढलेलं चित्र होतं. करडा लांडगा, पिवळे डोळे, आणि डाव्या डोळ्याभोवती वेडावाकडा पांढरा डाग, तो कपाळावर चढत गेलेला. डागाच्या टोकाला केसांचा एक भोवरा. दुसरी बाजू पूर्ण करडी. मामांनी चष्मा चढवून चित्र बघितलं.

“डोळ्यापाशी पांढरं? वर भोवरा? आगं, असलं जनावर दावनीला कुनी बांधत न्हाई. पुसून टाक ते.”

मी त्यांना उत्तर दिलं नाही, तेवढा माझा ताठा होता. पण रात्रंदिवस ज्यांना नावं ठेवली त्यांचंच मी ऐकलं. मला वाटलं, मुलीला चित्र धड काढता येत नाही, रंग एका बाजूला सांडलाय. दोन्ही बाजू सारख्या केल्या की किती देखणा होईल! मी डाव्या डोळ्यालाही करडीच फर लावली. चेहऱ्यावरची फर आखूड करताना माझा ट्रिमर थोड्या थोड्या वेळाने अडकू लागला, तेव्हा मामा म्हशी भादरायची मशीन घेऊन आले आणि शेजारी बसले. नाकाकडून गालाकडे केस असे उतरत नेले की मी बघतच राहिले. एवढा हात त्या माणसाला असावा याचाही मला राग आला.

फोटो पाठवले. मग तिने लिहिलं, “ताई, डाव्या डोळ्याचं राहिलंय का?”

मी तेव्हा लिहिलेलं वाक्य मला अजून आठवतं आणि लाज वाटते. “राहिलं नाही, सुधारलंय. प्रत्यक्ष बघाल तेव्हा आवडेल.”

तिने लिहिलं, “मी येते.”

ती आली त्या दिवशी बाजार होता. रस्ता गाड्यांनी आणि शेणाने भरलेला. ती स्कार्फने सगळा चेहरा गुंडाळून आली, फक्त गॉगल दिसत होता. पुण्याच्या पोरींना ऊन आणि धूळ सोसत नाही, असं मनात म्हणून मी तिला खोलीत बसवलं, चहा दिला. लांडग्याचं डोकं टेबलावर ठेवलं होतं. तिने गॉगल काढला, मग चहासाठी स्कार्फ सोडला.

डाव्या डोळ्याभोवती कातडी पांढरी होती. पापणीचे केस पांढरे, भुवई अर्धी पांढरी. तिथून डाग कपाळावर चढत गेला होता आणि केसांच्या मुळाशी एक पांढरी बट गोल फिरली होती. चित्रात होतं तसं, रेघ न रेघ.

तिने कप खाली ठेवला आणि लांडग्याच्या करड्या गालावरून बोट फिरवलं.

“छान झालंय,” ती म्हणाली. “पण हा मी नाही.”

“मला वाटलं, चित्रात चुकून...”

“सगळ्यांना तेच वाटतं. ऑफिसात मी रोज त्याच्यावर मेकअप लावते. घरच्यांनी स्थळांना पाठवलेल्या फोटोत तो पुसलाय.” तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. “माझ्या तोंडावर आलाय तो मला विचारून आला नाही, ताई. याच्या तोंडावर मी सांगून लावून घेत होते. पहिल्यांदाच.”

तेवढ्यात मामा बाजारातून आले. दारात थांबले, तिच्याकडे बघितलं, लांडग्याकडे बघितलं. या माणसाच्या सांगण्यावरून हे झालं, असं ओरडून सांगावंसं मला वाटलं. पण ब्लेड माझ्या हातात होतं आणि उत्तरही मीच पाठवलं होतं. आईने मला साडी नेसवली तशीच मी त्या लांडग्याला करडी फर नेसवली होती. मामांचा मला कधी आला नव्हता इतका तिटकारा त्या क्षणी मला माझा आला.

“आज संध्याकाळपर्यंत थांबाल?” मी तिला विचारलं. ती थांबते म्हणाली.

मी डाव्या बाजूची शिवण उसवली. पांढरी फर डेअरीच्या गाईतली उरली होती. लांडग्याचं डोकं तिने मांडीवर धरलं आणि मी चित्राकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघून डागाची कड कापली. सगळं बसलं, पण भोवरा जमेना. तुकडे कसेही लावले तरी केस गोल फिरत नव्हते. मामा अजून दारातच होते.

“तुकडं जोडून भवरा व्हत न्हाई,” ते शेवटी म्हणाले. “केस फिरवून भादरावं लागतं. सरक बाजूला.”

ते मशीन घेऊन बसले. “पोरी, जरा तोंड इकडं कर,” ते तिला म्हणाले आणि तिच्या कपाळाकडे नीट, बराच वेळ बघितलं. बाजारात बघतात तसंच बघितलं. मी धास्तावले, की आता हा माणूस काय बोलतो. पण अंगठ्याने फर गोल दाबत, बाहेरून आत कमी कमी करत त्यांनी भोवरा उतरवला.

तिने डोकं घातलं आणि भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहिली. मग तिने डाव्या डोळ्यापाशी पंजा नेला आणि तसाच ठेवला. आतून ती रडत होती की हसत होती ते कळायला मार्ग नव्हता.

“बाजारात ह्याला कुनी इचारनार न्हाई,” मामा मशीनमधले केस फुंकत म्हणाले.

“मला विकायचा नाहीये, आजोबा,” लांडगा म्हणाला.

मामा उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. पेंडवाला होता. “खोलीत नको,” ते त्याला सांगत होते. “पडवीत उतरव. खोलीत काम चालू हाय.”

संध्याकाळी तिला बसस्टँडवर सोडायला निघाले. लांडग्याचं डोकं पिशवीत न घालता तिने काखेत धरलं होतं, आणि स्कार्फ गळ्यातच होता. मामा खाटेवर बसले होते. अंगण ओलांडताना त्यांची नजर पाठीवर आल्याचं मला कळलं. नऊ वर्षांची सवय होती, पाऊल उचलण्याआधीच मी मोजायला लागले होते. मग मोजणं सोडून दिलं. उजवा पाय त्याला हवा तसा ओढत गेला. मातीत त्याची रेघ उठली असेल, मी काही वळून पाहिलं नाही.